ब्रेक्झिट, हेन्री आठवा आणि चौल-रेवदंड्याचा किनारा : ‘शेवटचा शब्द कोणाचा?’ हे भांडण किती जुनं आहे?

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याला कुंडलिका खाडीवरचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे रेवदंड्याचा पडका पोर्तुगीज कोट आहे आणि पलीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर. या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आजही काही घरांमध्ये पोर्तुगिजातून तयार झालेली एक बोली बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. पोर्तुगीज सत्ता इथून १७४० मध्ये गेली, बोली मात्र राहिली.

या किनाऱ्याचा ब्रिटनच्या ब्रेक्झिटशी काय संबंध? थेट संबंध काहीच नाही. पण ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये एक तुलना वारंवार झाली. युरोपपासून फारकत घेण्याची ही पहिली वेळ नाही, सोळाव्या शतकात हेन्री आठव्याने रोमच्या पोपशी संबंध तोडले तेव्हाही देश असाच दुभंगला होता, अशी ती तुलना. आणि ज्या प्रश्नावर इंग्लंड तेव्हा दुभंगलं, त्याच प्रश्नावर कोकण आणि मुंबईतला ख्रिस्ती समाजही शंभर-दीडशे वर्षं दोन गटांत विभागला होता. प्रश्न होता, शेवटचा शब्द कोणाचा? राजाचा की पोपचा? इथल्याचा की बाहेरच्याचा?

हे तिन्ही वाद शेजारी ठेवले की ब्रेक्झिटही जास्त नीट समजतं आणि आपल्या किनाऱ्याचा फारसा सांगितला न जाणारा इतिहासही.

हेन्री आठव्याने नेमकं काय केलं?

इंग्लंडचा राजा हेन्री आठवा सुरुवातीला पोपचा लाडका होता. मार्टिन ल्यूथरच्या विरोधात लिहिल्याबद्दल १५२१ मध्ये पोपने त्याला ‘धर्मरक्षक’ ही पदवी दिली. योगायोग असा, की त्याच वर्षी अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीज चौलला कोट बांधू लागले होते.

पुढे हेन्रीला राणी कॅथरीनबरोबरचा विवाह रद्द करून हवा होता. मुलगा नव्हता आणि गादीला वारस हवा होता. पोप परवानगी देईना. तेव्हा हेन्रीने पार्लमेंटकडून एकामागून एक कायदे करून घेतले. १५३३ च्या कायद्याने इंग्लंडमधला खटला अपिलात रोमला नेण्यावर बंदी आली. इंग्लंड हे स्वयंपूर्ण राज्य आहे, बाहेरच्या कोणाचाही त्याच्यावर हुकूम चालत नाही, अशी त्याची भूमिका होती. १५३४ मध्ये रोमला जाणारा पैसा बंद झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला.

यानंतरची पंचवीस वर्षं सामान्य माणसासाठी गोंधळाची होती. सुमारे ८०० मठ बंद झाले आणि त्यांच्या जमिनी राजाने घेतल्या. १५३६ मध्ये उत्तरेत मोठं बंड झालं. हेन्रीनंतर मुलगा एडवर्डच्या काळात देश आणखी प्रोटेस्टंट झाला. १५५३ मध्ये मेरी राणी झाली आणि तिने देश पुन्हा रोमकडे वळवला. तिच्या काळात २८० च्या आसपास प्रोटेस्टंटांना जाळण्यात आलं. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि पुन्हा उलटं झालं. चर्चमधली भाषा, प्रार्थना, पाद्र्याने लग्न करावं की नाही, सगळं एका आयुष्यात चारदा बदललं.

ब्रेक्झिटशी तुलना का होते?

पहिलं साम्य न्यायालयाचं. १५३३ मध्ये ‘रोमला अपील नको’ म्हटलं गेलं. २०१६ मध्ये ‘लक्झेंबर्गचं युरोपीय न्यायालय आमच्या कायद्याच्या वर नको’ म्हटलं गेलं. दोन्हीकडे मुद्दा निकाल बरोबर की चूक हा नव्हता. निकाल देणारा कोण, हा होता.

दुसरं साम्य पैशाचं. हेन्रीच्या काळात रोमला जाणाऱ्या वर्गणीबद्दल चीड होती. २०१६ च्या प्रचारात एका लाल बसवर लिहिलं होतं, की ब्रिटन दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपीय महासंघाला पाठवतो. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा पैसा त्यात धरलेला नव्हता. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने त्या आकड्यावर आक्षेप घेतला. तरी आकडा लोकांच्या लक्षात राहिला.

तिसरं साम्य तर कायद्याच्या नावातच आहे. मंत्र्यांना पार्लमेंटचा कायदा केवळ आदेश काढून बदलता येईल, अशा तरतुदीला ब्रिटनमध्ये ‘हेन्री आठवा कलम’ म्हणतात, कारण १५३९ मध्ये त्याने आपल्या फर्मानांना कायद्याचं बळ मिळवून घेतलं होतं. युरोपचे हजारो नियम ब्रिटिश कायद्यात बसवण्यासाठी २०१८ मध्ये जो कायदा झाला, त्यात नेमके हेच अधिकार होते. संसदेचं सार्वभौमत्व परत आणण्यासाठी संसदेलाच वळसा घातला जातो आहे, अशी टीका त्यावर झाली.

आणि चौथं साम्य फुटीचं. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक राहण्याच्या बाजूने होते. घराघरांत, पक्षापक्षांत फूट पडली. ‘बाहेर पडणारे’ आणि ‘राहणारे’ ही नुसती मतं न राहता माणसांची ओळख बनली. सोळाव्या शतकात ‘तू कोणत्या बाजूचा?’ हा प्रश्न असाच ओळखीचा झाला होता.

आता कोकणात : ‘पाद्रोआदो’ म्हणजे काय?

१५३४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्लंडचा राजा पोपपासून दूर जात होता, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पोपने गोव्याच्या धर्मप्रांताला मान्यता देणारा आदेश काढला. डिसेंबरमध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली. एका टोकाला राजा पोपला सोडत होता आणि दुसऱ्या टोकाला पोप एका राजाच्या हाती अख्खा पूर्वेकडचा चर्चचा कारभार सोपवत होता.

या व्यवस्थेचं नाव पाद्रोआदो, म्हणजे आश्रयाचा किंवा पालकत्वाचा हक्क. पोर्तुगालच्या राजाने मिशनऱ्यांचा खर्च करायचा, चर्चं बांधायची, पाद्र्यांना पगार द्यायचा. बदल्यात बिशप कोण व्हावा हे राजा सुचवणार. मिशनऱ्यांनी पूर्वेकडे यायचं तेही लिस्बनमार्गेच.

चौलचा कोट म्हणजेच आजचं रेवदंडा या व्यवस्थेतलं भरभराटीचं ठाणं होतं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा संघांची चर्चं आणि मठ तिथे होते. आज माडांच्या वाडीत उभा असलेला ‘सातखणी’ मनोरा हा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचाच अवशेष आहे. समोरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. उरणजवळचं करंजा बेटही त्यांच्याकडे होतं.

कागदावर ही व्यवस्था छान होती. अडचण आली ती राजाची ताकद कमी झाल्यावर.

‘प्रोपगंडा’ कुठून आला?

आज ‘प्रोपगंडा’ म्हणजे खोटा-खरा प्रचार. हा शब्द आला तो रोममधल्या एका कार्यालयावरून. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसाराच्या कामासाठी एक खातं सुरू केलं. त्याच्या लॅटिन नावात ‘प्रोपगांडा’ हा शब्द होता. राजांवर न विसंबता रोमने स्वतःची माणसं थेट पाठवावीत, हा त्याचा हेतू होता.

या खात्याने भारतात नेमलेला पहिला प्रतिनिधी बिशप गोव्याचाच होता. मातेउश द कास्त्रो हा दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला. गोव्यात पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला पाद्री होऊ दिलं नाही, म्हणून तो रोमला गेला. १६३७ मध्ये तो बिशप झाला आणि आदिलशाही मुलखात, डिचोलीत येऊन राहिला. गोव्यातले पोर्तुगीज आणि तो यांच्यात उभा दावा होता.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सतराव्या शतकात ‘रोम’ ही स्थानिक माणसाची आशा होती आणि ‘लिस्बन’ हा त्याला दाबणारा. दोनशे वर्षांनी हे चित्र पार उलटं होणार होतं.

मुंबईत दोन बिशप कसे झाले?

१६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्रजांना मिळाली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. बेटावरच्या कॅथलिकांना धर्म पाळू देण्याचं आश्वासन तहात होतं. त्यांचे पाद्री मात्र पोर्तुगीज फ्रान्सिस्कन होते आणि खाडीपलीकडे, वांद्रे-साष्टीत, पोर्तुगीज राज्यच होतं.

कंपनीला या पाद्र्यांच्या निष्ठेचा संशय होता. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यांना मुंबईतून बाहेर काढलं आणि त्यांच्या जागी रोमने पाठवलेल्या इटालियन कार्मेलाइट पाद्र्यांना बोलावलं.

यातला विरोधाभास मोठा आहे. त्या काळात खुद्द ब्रिटनमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं. तो हक्क त्यांना १८२९ मध्ये मिळाला. घरी पोपचं नाव घ्यायची चोरी आणि मुंबईत पोपच्याच माणसाला पाचारण! कारण सरळ होतं. लंडनला भीती पोपची होती, मुंबईला शेजारच्या पोर्तुगालची. धर्म तोच, पण धोका कुठून येतो यावर धोरण ठरत होतं.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लईही मराठ्यांकडे आली. आता उत्तर कोकणात पोर्तुगालच्या राजाची सत्ता उरली नव्हती. गावोगावचे ख्रिस्ती मात्र होते आणि त्यांचे पाद्री अजूनही गोव्याच्या आर्चबिशपकडे पाहत होते.

मुंबईत कंपनीने १७८९ मध्ये चर्चं गोव्याच्या ताब्यात दिली, पुढे निर्णय फिरवला आणि शेवटी १७९४ मध्ये विभागणीच केली. काही चर्चं गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या प्रतिनिधीकडे. एकाच शहरात, एकाच धर्माचे, एकाच पोपला मानणारे लोक दोन अधिकाऱ्यांच्या हाताखाली गेले. प्रार्थना तीच, सणही तेच. फरक फक्त पाद्री कोणी नेमला याचा.

माहीमचा वेढा

१८३८ मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरीने पोर्तुगीज मुलखाबाहेरच्या भारतातला पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. रोमचं म्हणणं होतं, जिथे राजाचं राज्य नाही आणि जिथला खर्चही तो करत नाही, तिथे त्याचा हक्क कसा? पोर्तुगालमध्ये तेव्हा उदारमतवादी सरकार होतं, त्याने धार्मिक संघ बंद केले होते आणि रोमशी त्याचे संबंध बिघडले होते.

गोव्याच्या बाजूने हा आदेश मानायला नकार दिला. मुंबई आणि कोकणात भांडण चर्चच्या दारापर्यंत आलं. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमच्या बाजूचा बिशप हार्टमन आणि त्याची माणसं आत अडकली. बाहेर पाद्रोआदोच्या बाजूचा जमाव होता. बिशप म्हणे, मेलो तरी चर्च सोडणार नाही. हा वेढा पंधरा दिवस चालला. अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च पाद्रोआदोच्या बाजूकडे गेलं.

आता बाजू कशा उलटल्या होत्या बघा. रोमने पाठवलेले पाद्री इटालियन, स्विस, जर्मन असे युरोपीय होते. पाद्रोआदोचे बहुतेक पाद्री गोव्याचे, म्हणजे इथलेच होते. त्यामुळे पोर्तुगीज राजाचा हक्क हा अनेकांसाठी ‘आपल्या’ पाद्र्यांचा हक्क झाला. द कास्त्रोच्या काळात जे दडपणाचं नाव होतं, तेच आता आपलेपणाचं झालं होतं.

असंच ब्रिटनमध्येही घडलं. १९७५ च्या सार्वमतात मार्गारेट थॅचर युरोपात राहण्याचा प्रचार करत होत्या, तर मजूर पक्षातले डावे नेते बाहेर पडा म्हणत होते. १९८३ मध्ये मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात बाहेर पडण्याचं आश्वासन होतं. २०१६ पर्यंत चित्र फिरलं. मजूर पक्ष राहण्याच्या बाजूने आणि हुजूर पक्ष आतून फुटलेला. ‘युरोप’ या शब्दाचा अर्थ कोणासाठी कधी काय होईल, हे त्या त्या वेळच्या राजकारणावर ठरतं. १६३७ आणि १८५३ मधल्या ‘रोम’चंही तसंच होतं.

वाद मिटला कसा?

एका फटक्यात नाही. २३ जून १८८६ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. (२३ जून ही तारीख या गोष्टीत पुन्हा पुन्हा येते. १६६१ चा मुंबईचा विवाह-तह, १८८६ चा करार आणि २०१६ चं सार्वमत, तिन्ही याच तारखेचे. अर्थात हा निव्वळ योगायोग.) त्याच वर्षी मुंबईला रोमच्या बाजूचा आर्चबिशप मिळाला आणि पाद्रोआदोच्या बाजूसाठी दमणचा धर्मप्रांत तयार झाला. म्हणजे दुहेरी कारभार मोडला नाही, त्याला रीतसर जागा दिली गेली.

या काळात आणखी एक गोष्ट झाली. मुंबई, साष्टी, वसई, उरण या भागातल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या लोकांपासून आपली वेगळी ओळख हवी होती. गोवेकर पोर्तुगालची प्रजा आणि आपण ब्रिटिशांची, हे त्यांना दाखवायचं होतं. ते स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांची संघटना स्थापन झाली. ते नाव आजही टिकून आहे.

दुहेरी कारभार संपला तो १९२८ मध्ये. दमणचा धर्मप्रांत मोडला आणि मुंबईचा आर्चबिशप आलटून पालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असं ठरलं. त्याप्रमाणे आधी पोर्तुगीज होआकिम लीमा आणि नंतर ब्रिटिश थॉमस रॉबर्ट्स आले. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि पाळीपाळीची पद्धत संपली. आज रायगड जिल्हा मुंबईच्याच आर्चडायोसिसमध्ये येतो.

तुलना कुठे चुकते?

तुलना उपयोगी असली तरी ती किती ताणायची याला मर्यादा आहेत.

एक, हेन्रीने लोकांना विचारलं नव्हतं. मुंबईतही निर्णय गव्हर्नर, पोप आणि राजा घेत होते. २०१६ मध्ये ७२.२ टक्के मतदारांनी मतदान केलं होतं. ब्रेक्झिट चूक वाटो वा बरोबर, ते मतपेटीतून आलं.

दोन, ट्युडर काळात चुकीच्या बाजूला असणं जिवावर बेतत होतं. ब्रेक्झिटच्या प्रचारात खासदार जो कॉक्स यांची एका अतिरेकी विचाराच्या माणसाने हत्या केली. ती घटना भयंकर होती, पण ती राज्याने दिलेली शिक्षा नव्हती. हा फरक मूलभूत आहे.

तीन, युरोपीय महासंघातून बाहेर पडायची वाट करारातच, कलम ५० मध्ये, लिहिलेली होती. पोपच्या चर्चमधून देशाने बाहेर पडण्याचं असं कोणतंही कलम नव्हतं.

चार, आणि हे बहुतेक जण विसरतात, इंग्लंडमधली धर्मसुधारणा ‘युरोपविरोधी’ नव्हती. तिचे विचार जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आले होते. त्यामुळे ‘प्रोटेस्टंट म्हणजे बाहेर पडणारे, कॅथलिक म्हणजे राहणारे’ हे समीकरण व्हॉट्सअ‍ॅपवर छान दिसतं, इतिहासात बसत नाही.

मग यातून हाती काय लागतं?

पहिली गोष्ट, संबंध तोडण्याचा दिवस ठरवता येतो, पण गुंतलेले धागे त्या दिवशी सुटत नाहीत. मेरी राणीने देश रोमकडे परत नेला, पण मठांच्या विकलेल्या जमिनी नव्या मालकांकडेच राहिल्या. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला, तरी उत्तर आयर्लंडमधल्या मालाच्या तपासणीवरून २०२३ मध्ये पुन्हा युरोपशी करार करावा लागला. पोर्तुगीज १७४० मध्ये चौलहून गेले आणि त्यांच्या राजाचा चर्चवरचा हक्क मिटवायला आणखी दोन शतकं गेली.

दुसरी गोष्ट, अशा वादात सर्वात जास्त ताण येतो तो ‘दोन्हीकडचा’ असलेल्या माणसावर. १५७० मध्ये पोपने एलिझाबेथ राणीला बहिष्कृत केल्यावर इंग्लंडमधला साधा कॅथलिक शेतकरीही संशयित ठरला. १७२० च्या मुंबईत पाद्र्यांवर हाच संशय होता. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना तिथे राहण्याच्या हक्कासाठी नव्याने अर्ज करावे लागले.

आणि तिसरी गोष्ट कोर्लईत दिसते. राजे बदलले, तह झाले, पोपचे आदेश निघाले आणि मागे घेतले गेले. त्या सगळ्यातून गावाने स्वतःपुरता मार्ग काढला. शाळेत आणि बाजारात मराठी, प्रार्थनेला चर्च आणि घरात ‘आपली भाषा’. ती बोलणारे आता हजाराच्या आत उरले आहेत. तिला धोका आहे तो नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्या आणि परत न येणाऱ्या तरुण पिढीमुळे.